गोव्याच्या गावांत उपशामक सेवा उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, डिचोली, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांतील वाड्यांवर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी घेताना, तसेच पंचायतींच्या आणि महिला मंडळांच्या बैठकांत बोलताना जे प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. आपल्या गावात अशी सेवा सुरू करू पाहणारे पंच, डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि रुग्णांच्या घरची माणसे यांच्यासाठी हे लिहिले आहे.

उपशामक सेवा म्हणजे नेमके काय?

जो आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता उरलेली नाही किंवा जो वर्षानुवर्षे माणसाला जखडून ठेवणार आहे, त्या आजारातील वेदना, धाप, उलट्या, जखमा, झोप न लागणे, भीती आणि एकटेपणा यांवर पद्धतशीर उपचार करणे म्हणजे उपशामक सेवा. इंग्रजीतील ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्दही आता आपल्याकडे रुळला आहे. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णालय सुरू केले, तेथून या शाखेला आजचे रूप आले. माणसाचे दुखणे शरीराबरोबर मनाला, घरसंसाराला आणि त्याच्या श्रद्धेलाही ग्रासते, म्हणून या चारही अंगांनी त्याकडे पाहिले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते.

ही सेवा केवळ कर्करोगासाठी आहे, हा समज आम्हांला प्रत्येक गावात आढळतो. प्रत्यक्षात आमच्या यादीत अर्धांगवायूचे रुग्ण असतात, मूत्रपिंडे निकामी झालेले असतात, फुप्फुसांच्या जुन्या आजाराने दोन पावलांत धाप लागणारे असतात, स्मृतिभ्रंश झालेल्या आज्या असतात आणि माडावरून पडून कमरेखालचे शरीर लुळे पडलेले पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, हेही असतात. चाळिशीतला पाडेली पुढची वीस-तीस वर्षे खाटेवर काढू शकतो. त्याला ‘शेवटच्या दिवसांची सेवा’ लागत नाही, रोज सकाळी व्यवस्थित होणारी सेवा लागते.

केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही ही सेवा घेता येते. ती घेतली म्हणजे मूळ उपचार सोडले, असे होत नाही.

आमच्या गावात अशी किती माणसे असतील?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. गोव्यापुरते पाहिले तर २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते. देशातील राज्यांत केरळच्या खालोखाल ते सर्वाधिक होते. त्यात अनेक घरांतील मुले आखातात, बोटीवर किंवा युरोपात नोकरीला असल्यामुळे मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसे, किंवा एकच, असे चित्र वाड्यावाड्यांवर दिसते.

मात्र राज्याच्या सरासरीवरून आपल्या वाड्याचा हिशेब बांधू नये. मोजणी प्रत्यक्ष करावी, आणि ती सोपी आहे. अंगणवाडी सेविका, टपाल घेऊन येणारा, रेशन दुकानदार आणि दारावर मासे विकायला येणारी बाई या चौघांना एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिनाभरात घराबाहेर न पडलेले कोण आहे? आमच्या अनुभवात या एका प्रश्नातून जी यादी हाती येते, ती आरोग्य केंद्राच्या नोंदींपेक्षा लांब असते, कारण जो घराबाहेर पडू शकत नाही तो केंद्रात पोहोचत नाही आणि जो पोहोचत नाही त्याची नोंद होत नाही.

बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आहे, लोटलीला शांती अवेदना सदन आहे. मग गावात वेगळ्या सेवेची गरज काय?

दोन्ही ठिकाणे मोलाची आहेत. भारतातील पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, १९८६ मध्ये मुंबईत सुरू करणाऱ्या शांती अवेदना सदनाने सासष्टीतील लोटली गावीही केंद्र उभारले. घरी काळजी घेणे शक्य नसलेल्या, कर्करोगाच्या पुढच्या अवस्थेतील रुग्णांसाठी ते मोठा आधार आहे. निदान, शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञांचा सल्ला यांसाठी गोमेकॉला पर्याय नाही.

पण ज्याच्या मणक्यापर्यंत कर्करोग पसरला आहे, त्याला वाळपईच्या पुढच्या एखाद्या वाड्यावरून बांबोळीला नेऊन परत आणणे म्हणजे काय, ते एकदा गाडीत त्याच्या शेजारी बसून पाहावे. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. बरोबर दोन माणसे लागतात, दोघांचीही दिवसाची मजुरी बुडते, भाड्याच्या गाडीचे पैसे वेगळे, आणि एवढे करून जे काम होते ते पुष्कळदा गोळ्यांची मात्रा बदलण्याचे किंवा लघवीची नळी बदलण्याचे असते. ही दोन्ही कामे प्रशिक्षित परिचारिका ओसरीवर बसून, डॉक्टरांशी फोनवर बोलून करू शकते. गावातील सेवा मोठ्या रुग्णालयांना पर्याय म्हणून मागितली जात नाही. तेथे जाण्याच्या अनावश्यक फेऱ्या वाचाव्यात आणि आवश्यक ती फेरी वेळेवर व्हावी, एवढ्यासाठी ती हवी आहे.

सुरुवात कुठून करावी? इमारतीसाठी जागा मिळत आहे, ती घ्यावी का?

आमचे स्पष्ट मत आहे की पहिली काही वर्षे इमारतीचा विचारही करू नये. जागा मिळाली की देणगी, कोनशिला, खाटा, पडदे यांत वेळ आणि पैसा अडकतो, आणि रुग्ण मात्र आपापल्या घरी, दोन डोंगर पलीकडे असतात. सेवा घरापर्यंत चालत जाणारी असावी.

त्यासाठी चार गोष्टी लागतात: उपशामक सेवेचे प्रशिक्षण घेतलेली एक पूर्णवेळ परिचारिका, आठवड्यातून एक-दोन दिवस तिच्याबरोबर येणारा आणि एरवी फोन उचलणारा डॉक्टर, चढणीच्या कच्च्या रस्त्यावर चालेल असे वाहन, आणि रात्रीही लागेल असा एक दूरध्वनी क्रमांक. यांतील चौथी गोष्ट लोक विसरतात. रात्री दोन वाजता वेदना उसळली तर फोनवर कोणीतरी बोलेल, ही खात्री असली की अर्ध्या घरांतली घाबरगुंडी थांबते आणि १०८ ची रुग्णवाहिका खरोखर गरज असेल तेव्हाच बोलावली जाते.

परिचारिकेच्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, हातमोजे, मीठ घातलेले उकळून गार केलेले पाणी जखम धुण्यासाठी, गॉझ, चिकटपट्टी, लघवीच्या नळ्या आणि पिशव्या, नाकातून पोटात अन्न देण्याची नळी (रायल्स ट्यूब), एनिमा, त्वचेखाली औषध देण्याच्या बारीक फुलपाखरू सुया, जखमेच्या दुर्गंधीवर मेट्रोनिडॅझोल, पॅरासिटामॉल, उलटी थांबवणारी आणि पोट साफ करणारी औषधे, आणि कुलूपबंद डबीत मॉर्फिनच्या गोळ्या असाव्यात. ही पिशवी रोज संध्याकाळी भरून ठेवणे हे स्वतंत्र काम समजावे. घरी पोहोचल्यावर योग्य मापाची नळी नाही असे कळले की त्या दिवसाची फेरी वाया जाते.

प्रशिक्षणासाठी कोणाला वर्षभर बाहेरगावी जावे लागत नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेली इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संघटना डॉक्टर आणि परिचारिकांसाठी पायाभूत प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते, आणि तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ही संस्था ऑनलाइन वर्गही घेते. तरीही प्रमाणपत्र हातात आल्यावर लगेच एकटीने घरोघरी जाऊ नये. अनुभवी पथकाबरोबर काही आठवडे हिंडल्याशिवाय दारात उभे राहून कोणाशी काय बोलावे हे उमगत नाही.

केरळमध्ये गावोगाव ही सेवा आहे. तेच गोव्यात जसेच्या तसे करता येईल का?

जसेच्या तसे नाही, पण त्यातले मर्म घेता येईल. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्ती आणि उपशामक सेवेची संस्था सुरू केली. पुढे शेजारपाजारच्या लोकांनाच प्रशिक्षण देऊन घरसेवेत सामील करून घेण्याची पद्धत तेथे रुजली, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. तेथे ही सेवा टिकली याचे एक कारण आर्थिक आहे. १९९६ पासून लोकनियोजनाच्या मोहिमेत केरळच्या पंचायतींच्या हाती निधी आला, त्यामुळे पंचायत स्वतःच्या अंदाजपत्रकातून घरसेवेसाठी परिचारिका नेमू शकते.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे आरोग्य संचालनालयाच्या अखत्यारीत आहेत आणि पंचायती लहान आहेत. शिवाय देशभर गावपातळीवरचे आरोग्यकाम ज्या आशा सेविकांवर उभे आहे, ती योजना गोव्यात राबवली गेलेली नाही. त्यामुळे इतर राज्यांच्या पुस्तिकेतील ‘आशा सेविका रुग्णाची नोंद करील’ हे पहिलेच वाक्य आपल्याकडे लागू पडत नाही. ते काम उपकेंद्रातील परिचारिका, बहुउद्देशीय आरोग्य सेवक आणि अंगणवाडी सेविका यांच्यात वाटून द्यावे लागते, आणि तिघांच्याही डोक्यावर आधीच इतर नोंदवह्यांचा भार आहे, हे ध्यानात ठेवून मागणी करावी लागते.

दुसऱ्या बाजूला, आपल्याकडे जे आहे ते थोडे नाही. वाड्यावाड्यांवर भजनी मंडळे आहेत, देवस्थान समित्या आहेत, स्वयंसाहाय्य गट आहेत, चर्चच्या सेवाभावी मंडळ्या आहेत, आणि चतुर्थीला एकमेकांच्या घरी आरतीला जाण्याची रीत आहे. ज्या गावात एका घरची आरती झाल्यावर सगळे पुढच्या घरी जातात, त्या गावाला घराघरांतले आजारपण ठाऊक असते. त्या माहितीला कामाला लावणे, एवढेच बाकी असते.

मॉर्फिन हे अफूपासून बनते. त्याची सवय लागणार नाही का? ते दिले म्हणजे शेवट जवळ आला, असे समजावे का?

हा प्रश्न घरातली माणसे विचारतात, आणि खेदाने सांगावे लागते की काही डॉक्टरही विचारतात. म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

मॉर्फिन अफूपासूनच बनते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याखाली अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या आपल्या देशात खेड्यातल्या रुग्णाला मात्र मॉर्फिनची गोळी मिळत नाही, ही गोष्ट आम्हांला कधीच सवयीची झालेली नाही.

तीव्र वेदनेसाठी, योग्य मात्रेत, तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा. व्यसनात माणूस औषधामुळे आयुष्यापासून दूर जातो. वेदनेचा रुग्ण मॉर्फिन मिळाल्यावर आयुष्याकडे परत येतो: उठून बसतो, पेज मागतो, वर्तमानपत्र वाचतो. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर शरीराला त्रास होतो, म्हणून ती हळूहळू कमी करतात. या शारीरिक सवयीला कोणी व्यसन म्हणू नये.

मॉर्फिनने मरण ओढवत नाही. वेदनेच्या प्रमाणात मात्रा थोडी थोडी वाढवत नेली तर ते सुरक्षित आहे आणि महिनोन्‌महिने घेता येते. ‘शेवटचे औषध’ ही त्याची ख्याती पडली, कारण आपल्याकडे ते शेवटच्या आठवड्यात सुरू करतात. मग रुग्ण आजाराने जातो आणि बोल मॉर्फिनला लागतो.

साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती दर चार तासांनी घड्याळ लावून घ्यायची असते, दुखू लागण्याची वाट पाहायची नसते. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून डॉक्टर झोपतेवेळी दुप्पट मात्रा सांगतात. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती बहुतेकांची आपोआप ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच जुलाबाचे औषध सुरू झाले पाहिजे. तीन दिवस शौचाला न झालेला रुग्ण पोटाच्या त्रासाला कंटाळून मॉर्फिनच बंद करतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. गोळी किती आणि केव्हा हे प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टरच ठरवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा वेगळी लागते. शेजारच्या रुग्णाच्या गोळ्या कधीही वापरू नयेत.

आमच्या आरोग्य केंद्रात मॉर्फिन ठेवण्यासाठी काय करावे लागते?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे पूर्वी यासाठी अनेक परवाने लागत आणि ते एकाच वेळी वैध असणे कठीण होई. २०१४ मध्ये कायदा बदलला, २०१५ मध्ये नवे नियम आले, आणि मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा दर्जा मिळाला. आता संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. संस्थेत या औषधांच्या वापराचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असणे, साठा कुलूपबंद ठेवणे आणि प्रत्येक गोळीची नोंद ठेवणे या प्रमुख अटी आहेत.

अर्ज करणे अवघड नाही. अवघड आहे ती भीती. अधिकाऱ्याला, औषधविक्रेत्याला आणि कधी केंद्राच्या डॉक्टरालाही वाटते की हे लचांड नको. त्यांना नियमांची प्रत दाखवावी, आणि शक्य असेल तर वेदना थांबलेल्या एका रुग्णाच्या घरी बरोबर न्यावे.

‘त्यांना काही सांगू नका,’ असे घरचे लोक म्हणतात. अशा वेळी काय करावे?

आमच्या कामातला हा सर्वांत नाजूक भाग आहे. दारातच मोठा मुलगा हात धरून बाजूला नेतो आणि हळू आवाजात सांगतो, ‘बाबांना गाठ आहे एवढेच माहीत आहे. तुम्ही कर्करोगाचे नाव काढू नका.’ आत गेल्यावर बाबा सगळ्यांना चहा आणायला पाठवतात आणि म्हणतात, ‘मला सगळे ठाऊक आहे, पण मुलांना सांगू नका, त्यांना सहन होणार नाही.’ एकाच घरात दोन्ही बाजू एकमेकांना जपण्यासाठी मुकी झालेली असतात, आणि ज्या दिवसांत सर्वांत जास्त बोलायचे असते तेच दिवस हवापाण्याच्या गप्पांत जातात.

घरच्यांवर रागावून उपयोग नाही, कारण त्यांचा हेतू मायेचाच असतो. आम्ही त्यांना एवढेच सांगतो की आम्ही आपणहून काही सांगणार नाही, पण रुग्णाने विचारले तर खोटेही बोलणार नाही. मग रुग्णाला विचारतो: ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हांला काय वाटते?’ त्याचे उत्तर नीट ऐकले की त्याला किती ठाऊक आहे आणि आणखी किती जाणून घ्यायचे आहे ते कळते. काहींना काहीच जाणून घ्यायचे नसते, आणि तोही त्यांचा हक्क आहे. काहींना जमिनीची कागदपत्रे करायची असतात, धाकट्या मुलीचे लग्न ठरलेले पाहायचे असते, रुसलेल्या भावाला भेटायचे असते. ही कामे राहून गेली तर त्याची खंत घरच्यांना पुढे कितीतरी वर्षे टोचते.

स्वयंसेवकांनी काय करावे आणि काय करू नये?

रुग्णाशेजारी बसावे, ऐकावे, घरच्या बाईला दोन तास झोपू द्यावे, गोमेकॉच्या रांगेत उभे राहून औषधे आणावीत, योजनांचे अर्ज भरून द्यावेत, मुलांची शाळा चुकत असेल तर मार्ग काढावा. महिन्यातून दोनदा तास-दीड तास देणाऱ्या दहा व्यक्ती एका गावाला पुरतात.

औषधे सुचवू नयेत, काढे देऊ नयेत, ‘अमुक ठिकाणी नेले तर बरे होईल’ असे बोलू नये. रुग्णाची माहिती नाक्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात नेऊ नये. लहान गावात ही शिस्त पाळणे कठीण असते, पण एकदा बोलणे बाहेर फुटले की पुढची दहा घरे दार उघडत नाहीत. रुग्णाचा देव किंवा धर्म बदलू पाहणे, तसेच सेवेच्या आडून मते मागणे, हे दोन्ही पहिल्याच दिवशी स्पष्टपणे वर्ज्य ठरवावे.

घरी काळजी घेणाऱ्यांना काय शिकवावे?

सर्वप्रथम कूस बदलणे. हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाची कूस दिवसा साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, कमरेची हाडे आणि कोपर रोज उजेडात पाहावेत. लाल डाग दिसला तर तो चोळू नये, त्या जागेवरचा भार काढावा. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती आहे म्हणून कूस बदलणे थांबवू नये. बसायला रबरी रिंग देऊ नये, कारण तिच्या कडांनी रक्तप्रवाह अडतो. जुन्या सुती लुगड्याची घडी, सुरकुती न पडू देता अंथरलेली, कुठल्याही महागड्या चादरीपेक्षा चांगली.

दुसरी गोष्ट जखमेच्या दुर्गंधीची. एका घरी आम्ही गेलो तेव्हा गालावरच्या जखमेचा वास अंगणापर्यंत येत होता. रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. खोलीत उदबत्त्या लावलेल्या होत्या. सून जेवणाचे ताट दारात ठेवून परत जात होती, आणि सहा वर्षांचा नातू, जो पूर्वी त्यांच्याच कुशीत झोपायचा, तो उंबऱ्याच्या आत यायचा नाही. परिचारिकेने जखम मिठाच्या पाण्याने धुतली, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड त्यावर पसरली, गॉझ ठेवला, आणि सुनेला रोज हेच कसे करायचे ते हात धरून शिकवले. असा वास प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो आणि ही स्वस्त गोळी त्यांच्यावर चालते. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा नातू खाटेच्या पायथ्याशी पाटी घेऊन बसला होता. आजार जिथल्या तिथेच होता.

तिसरी गोष्ट, काळजी घेणाऱ्या व्यक्तीची काळजी. ती बहुधा सून, पत्नी किंवा अविवाहित मुलगी असते, आणि तिची कंबर, तिची झोप, तिचा राग यांविषयी कोणी विचारत नाही. प्रत्येक भेटीत पाच मिनिटे तिच्याशी, रुग्णापासून दूर, मागच्या दारी बसून बोलावे.

रुग्णाने खाणे सोडले आहे. सलाईन लावावे का?

तोंडात जखमा, मळमळ, बद्धकोष्ठता किंवा दुखणे यांमुळे अन्न जात नसेल तर त्यांवर उपचार करता येतात आणि ते करावेत. मात्र आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यात शरीरालाच अन्न नकोसे होते. तेव्हा भूक लागून उपाशी राहणे आणि भूकच न लागणे यांतला फरक घरच्यांना समजावून सांगावा लागतो. या टप्प्यावर सलाईनने ताकद येत नाही. उलट अंगावर सूज आणि छातीत पाणी साठू शकते. मागितली तर उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ चमच्याने द्यावी, पूर्ण शुद्धीत असताना आणि बसते करूनच. नाही मागितली तर ओल्या कापसाने तोंड पुसावे, ओठांना खोबरेल लावावे. आईला घास भरवता येत नाही, हे मुलांना फार लागते. त्यांच्या हातांना तोंड ओले ठेवण्याचे हे काम दिले की त्यांनाही धीर येतो.

पावसाळ्यात सेवा कशी चालू ठेवावी?

मे महिन्यातच तयारी करावी. म्हादईच्या खोऱ्यातले किंवा नेत्रावळीकडचे काही वाडे मोठ्या पावसात तुटतात आणि वीज तासन्‌तास जाते. अशा घरांची यादी वेगळी करून त्यांना नियमित औषधांचा अधिक दिवसांचा साठा द्यावा आणि घरातल्या दोघांना तरी तो हाताळायला शिकवावे. प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. धाप लागली तर रुग्णाला पुढे झुकवून उशीवर हात टेकून बसवावे, खिडकी उघडावी आणि हातपंख्याने चेहऱ्यावर वारा घालावा. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धापेची जाणीव खरोखर कमी होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉर्फिनची अल्प मात्राही धापेवर दिली जाते.

पैसे कुठून आणावेत?

परिचारिकेचे वेतन आणि वाहन हा खरा खर्च आहे, औषधांचा खर्च त्या मानाने फार कमी. केंद्र सरकारचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या सेवांत वृद्धसेवा व उपशामक सेवा यांचा समावेश आहे. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ही सेवा मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. ग्रामसभेत ठराव करून ती मागावी. गोवा सरकारची २०१६ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन किंवा कमी व्यक्तींच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण देते, पण तिचा रोख रुग्णालयातील उपचारांवर आहे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य मिळण्यास पात्र असूनही ज्यांनी अर्जच केलेला नाही असे रुग्ण प्रत्येक गावात सापडतात. त्यांचा अर्ज भरणे हे स्वयंसेवकाचे पहिले काम असू शकते.

रुग्णाकडून शुल्क घेऊ नये. देणगीची पेटीही घरभेटीला बरोबर नेऊ नये.

लहान मुलांनाही ही सेवा लागते का?

लागते. मेंदूचा पक्षाघात, जन्मजात आजार आणि कर्करोग असलेल्या मुलांना ती निदानाच्या दिवसापासून लागते. मुलांच्या औषधांची मात्रा वजनानुसार ठरते, म्हणून बालरोगतज्ज्ञाशिवाय हे काम हाती घेऊ नये.

अतिदक्षता विभाग नको, घरीच राहू द्या, अशी इच्छा आधी लिहून ठेवता येते का?

येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय पूर्वनिर्देशाला वैधता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. सज्ञान आणि विचार करण्यास समर्थ व्यक्तीने असे पत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे, आणि स्वतःच्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे त्यात लिहावीत. उपचार थांबवण्याचा निर्णय प्रत्यक्षात रुग्णालयातील डॉक्टरांची दोन मंडळे तपासून घेतात, त्यामुळे घरातल्या कोणाला त्याचा गैरवापर करता येईल ही भीती बाळगू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचा असा निर्देश नोंदवला. गोव्यात असे करणारे ते पहिले. सही करण्याआधी घरच्यांशी बोलणे हे आम्ही कागदाइतकेच महत्त्वाचे मानतो.

घरी मृत्यू झाला तर काय करावे?

अपेक्षित मृत्यूच्या वेळी रुग्णवाहिका बोलावण्याची गरज नसते. घशात घरघर सुरू होणे, श्वासांमधले अंतर वाढणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे आम्ही घरच्यांना आधीच सांगून ठेवतो. घरघरीचा रुग्णाला सहसा त्रास होत नाही. कुशीवर वळवले की ती कमी होते. ऐकू येणे बराच वेळ टिकते असे मानून जवळ बसून बोलत राहावे. भजन म्हणायचे असेल तर हळू आवाजात म्हणावे, तुळशीपाणी द्यायचे असेल तर ओठ ओले करण्याइतकेच द्यावे.

त्यानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि २१ दिवसांच्या आत पंचायतीत नोंद करावी. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नयेत, फेकूही नयेत. परिचारिका त्या मोजून, सही घेऊन केंद्रात परत नेते. गादी, कमोडची खुर्ची, वॉकर या वस्तू मात्र लगेच मागायला जाऊ नये. तेराव्यानंतर परिचारिका आणि एक स्वयंसेवक त्या घरी पुन्हा जातात. चहा होतो, रिकाम्या खाटेकडे सगळ्यांचे लक्ष असते, आणि बहुतेक वेळा घरचीच कोणीतरी बाई उठून गादी गुंडाळते आणि विचारते की आता ही कोणाकडे जाणार आहे.